वाफ्यात विटा पाडू नका
परसातली चिकट काळी माती भुसभुशीत करण्याचा कमी खर्चाचा मार्ग

“माझ्या हाताला काही लागतच नाही बाई!” असे म्हणणाऱ्या भगिनी प्रत्येक वस्तीत भेटतात. घरामागे दहा-बारा फुटांची जागा असते. पहिल्या पावसात हौसेने मिरची, वांगी, टोमॅटोची रोपे लावली जातात. पुढे पावसाची झड लागते, वाफ्यात पाणी तुंबते, पाने पिवळी पडतात, रोपे माना टाकतात. जी वाचतात ती हिवाळ्यात खुरटतात. मार्च उजाडला की तीच माती दगडासारखी होते. कुदळ मारली तर ठण्ण आवाज येतो. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की हाताचा पंजा आत जावा. मग बाई आपल्या हाताला दोष देते, घरधनी मातीला दोष देतो, आणि पुढच्या वर्षी त्या जागेवर मुरूम पसरून किंवा फरशी बसवून प्रश्न मिटवला जातो. भाजी मात्र रोज बाजारातून विकत येत राहते.

भगिनींनो, दोष तुमच्या हाताचा नाही आणि मातीचाही नाही. विदर्भ, मराठवाडा, सोलापूर या भागांतली काळी माती ही देशातल्या कसदार मातींपैकी एक आहे. फक्त तिच्याशी कधी आणि कसे वागायचे हे ठाऊक असावे लागते. ते ठाऊक नसले की आपण कष्ट करून तिला बिघडवतो.

वीट कशी तयार होते?

वीटभट्टीवर काम केलेल्यांना हे सांगायला नको. माती भिजवतात, पायांनी तुडवतात, साच्यात घट्ट दाबतात आणि उन्हात वाळवतात. तुडवल्याने मातीतली हवा निघून जाते, कण एकमेकांना चिकटतात आणि वीट टणक होते.

आता आपल्या परसाकडे पाहा. पाऊस माती भिजवतो. धुणे वाळत घालायला, पाणी भरायला आपण त्याच वाफ्यावरून ये-जा करतो. मुले तिथेच खेळतात. झड थांबली रे थांबली की आपण चिखलात बसून निंदण करतो, ओल्या मातीत फावडे घालतो. मग ऑक्टोबरचे ऊन पडते आणि माती वाळते. भिजवणे, तुडवणे, दाबणे, वाळवणे! वीट पाडण्याची चारही कामे आपण वाफ्यात नेमाने करतो. फक्त भट्टी लावायची राहते.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. ओल्या काळ्या मातीवर पाय देऊ नका आणि तिच्यात अवजार घालू नका. हा नियम पाळायला एक पैसा लागत नाही, आणि तो मोडला तर पैसा ओतूनही काही उपयोग होत नाही.

ही माती अशी का वागते?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर ज्वालामुखीचा रस पसरला. त्यातून तयार झालेला काळा खडक झिजून आपली काळी माती झाली. या मातीच्या शंभर भागांत साधारण ४० ते ६० भाग चिकणमाती असते. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो, तर वाळूचा मोठा कण २ मिलिमीटरचा असतो. म्हणजे हजारपटीचा फरक. शिवाय चिकणमातीचे कण गोल नसतात. ते पत्त्यांच्या कॅटसारखे, पातळ पापुद्र्यांची थप्पी लावल्यासारखे असतात. पाणी पापुद्र्यांमध्ये शिरले की माती फुगते, निघून गेले की आकसते. पावसाळ्यातला चिखल आणि उन्हाळ्यातल्या भेगा ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत.

माणसाला जसा श्वास लागतो तसा मुळांनाही लागतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरतात आणि कुजतात. पाने पिवळी पडली की खत कमी पडले असे समजून आपण मूठभर युरिया टाकतो. पण त्या वेळी रोपाला कमी पडलेली असते ती हवा.

या मातीचा गुणही मोठा आहे. ती पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवते. म्हणूनच पाऊस संपल्यावर नुसत्या ओलीवर हरभरा, जवस, रब्बी ज्वारी अशी पिके ती काढून देते. अशी माती खणून फेकायची आणि तिच्या जागी लाल मातीची पोती विकत आणायची, हा तोट्याचा सौदा आहे.

वाळू टाकू नका

“माती चिकट आहे ना? मग वाळू टाका.” हा सल्ला सर्रास मिळतो. दिसायला तो शहाणपणाचा वाटतो, पण हिशेब करून पाहा. दहा फूट लांब, चार फूट रुंद आणि नऊ इंच खोल वाफ्यात ३० घनफूट माती असते. तिचा पोत खरोखर बदलायचा तर जवळजवळ मातीइतकीच वाळू लागते. म्हणजे एका लहानशा वाफ्याला पाव ब्रासहून अधिक वाळू आली. तिचे वजन टनाच्या पुढे जाते. एवढी वाळू कोणी विकत आणत नाही. दोन-चार घमेली आणून मिसळतात. तेवढ्याने काय होते? वाळूचे सुटे कण चिकणमातीत रुतून बसतात, त्यांच्यामधल्या सगळ्या फटी चिकणमाती भरून टाकते, आणि वाळल्यावर गिलाव्यासारखा टणक थर तयार होतो. गवंडीकाम करणाऱ्या बांधवांना हे लगेच पटेल. वाळूत रोपाचे अन्नही नसते. पैसा जातो, कष्ट जातात, माती होती त्याहून वाईट होते.

चुन्याचेही तसेच. चुना कोकणातल्या आम्लधर्मी तांबड्या मातीला उपयोगी पडतो. आपल्या काळ्या मातीत बहुतेक ठिकाणी चुनखडी मुळातच असते. चुलीची राखही याच कारणाने चिमूटभरच वापरावी. टोपलीने ओतू नये.

जिप्समचा उपयोग होतो, पण तो चोपण जमिनीत. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात, ज्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो तिथे, जमिनीत सोडियमचे प्रमाण जास्त असते. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात आणि मातीची सगळी छिद्रे बुजतात. आपली माती तशी आहे का, हे घरी पाहता येते. मातीचा वाळलेला, बोराएवढा खडा काचेच्या ग्लासात पावसाच्या साठवलेल्या पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका. दोन-तीन तासांनी खड्याभोवतीचे पाणी दुधासारखे गढूळ झाले तर सोडियमची शंका घ्यावी. खडा नुसता फुटून पसरला आणि पाणी स्वच्छ राहिले तर मातीला फक्त सेंद्रिय खत हवे आहे. शंका असेल तर वाफ्यात चार-पाच ठिकाणची सहा इंच खोलीपर्यंतची माती एकत्र मिसळून त्यातली अर्धा किलो कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. तपासल्याशिवाय जिप्सम आणू नये.

धुण्याचे पाणी वाफ्यात नको

पाण्याची टंचाई असते म्हणून कपडे धुतलेले पाणी आपण झाडांना घालतो. हेतू चांगला, पण धुण्याच्या पावडरीत आणि सोड्यात सोडियम असते. खारपाणपट्ट्यात निसर्गाने जे केले तेच आपण बादलीबादलीने आपल्या वाफ्यात करतो. वर्षानुवर्षे हे पाणी पडले की माती चिकट होते, वर पापुद्रा धरते. तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी खुशाल घाला. साबणाचे पाणी मोरीतूनच जाऊ द्या.

मातीला खाऊ घाला

मग माती सुधारायची कशाने? आपल्या आज्या मातीच्या भिंतीला गिलावा करताना त्यात शेण आणि कुटार कालवत. मातीत काडीकचरा गेला की ती तडकत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. वाफ्यालाही तेच हवे, फक्त कुजवून.

कुजलेला पालापाचोळा मातीत गेला की त्यावर सूक्ष्म जीव आणि बुरशी वाढतात. त्यांचा डिंकासारखा चिकट रस आणि बुरशीचे तंतू चिकणमातीच्या कणांना बांधून त्यांचे बारीक गोळे करतात. पिठाची माती रव्यासारखी रवाळ होते. रव्याच्या कणांमध्ये फटी राहतात. त्यातून पाणी निचरते, हवा खेळते, कोवळे मूळ वाट काढते. मागोमाग गांडुळे येतात. ती विकत आणावी लागत नाहीत. खायला मिळाले आणि ओल राहिली की आपणहून येतात आणि फुकटात मशागत करतात.

यासाठी लागणारा माल आपल्या भोवतीच पडलेला असतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी विहाराच्या आवारात पिंपळाची पाने झाडून ढीग लावतात आणि काडी लावतात. रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या, सागाच्या पानांचेही तेच होते. तो धूर म्हणजे जळणारे खत आहे. चार पोती घेऊन जा आणि भरून आणा. गावाकडे जाणे झाले तर सोयाबीनचे, तुरीचे, हरभऱ्याचे कुटार आणा. घरातली भाजीची देठे, साली, चहाचा चोथा, अंड्याची टरफले आहेतच.

खताचा ढीग

काळ्या मातीत खड्डा खणून खत करू नये. पावसाळ्यात त्यात पाणी भरते आणि माल सडतो. जमिनीच्या वर, तीन फूट लांब-रुंद-उंच असा ढीग करावा. जुन्या विटा असतील तर मधेमधे फटी ठेवून चार भिंती रचाव्यात. सिमेंट लागत नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी अशाच छिद्रांच्या टाक्याची पद्धत बसवली. त्यांच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून देशभर ओळखली जाते. थोड्या शेणात पुष्कळ खत, हे तिचे वैशिष्ट्य.

खाली काड्यांचा थर, त्यावर वीतभर वाळका पाला, त्यावर चार बोटे ओला कचरा, वर शेणाचे पातळ पाणी आणि मूठ-दोन मूठ माती. असे थर चढवत जावे. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला ठेवावा. पंधरा-वीस दिवसांनी एकदा खालीवर करावा. खारट, तेलकट उरलेले अन्न, मटणाची हाडे, मासळी त्यात टाकू नये. कुत्री आणि उंदीर येतात. तीन-चार महिन्यांत काळे, मोकळे, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचे खत तयार होते.

कच्चे कुटार किंवा लाकडाचा भुसा मातीत गाडू नये. तो कुजवताना सूक्ष्म जीव मातीतले नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. कच्चा माल वाफ्यावर पसरायला वापरावा, पोटात घालू नये.

वाफसा ओळखा

शेतकऱ्याच्या तोंडी एक फार मोलाचा शब्द आहे – वाफसा. माती फार ओली नाही, फार कोरडी नाही, अशी स्थिती. काळ्या मातीत ती थोडेच दिवस टिकते. म्हणून ती ओळखता आली पाहिजे. चार बोटे खोलवरची मूठभर माती घ्या आणि दाबून लाडू करा. कमरेच्या उंचीवरून खाली टाका. लाडू फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, काम करा. लाडू चपटा होऊन तसाच राहिला किंवा बोटांमध्ये मातीची लांब वळी निघाली तर माती ओली आहे. दोन दिवस थांबा. लाडू वळलाच नाही तर माती कोरडी आहे. संध्याकाळी पाणी शिंपून दोन दिवसांनी पुन्हा पाहा.

रोजंदारीवर जाणाऱ्या भगिनीला सुटीचा एकच दिवस मिळतो. नेमका त्याच दिवशी चिखल असला तरी काम उरकून घ्यावेसे वाटते. तो मोह आवरा. एका दिवसाच्या घाईने पुढचा सगळा हंगाम जातो.

उंच वाफा, ठरलेली वाट

वाफा आणि वाट कायमची वेगळी करा. वाफ्याची रुंदी तीन-चार फूटच ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि आत पाय द्यावा लागत नाही. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट सोडा. वाटेची वरची माती काढून वाफ्यावर चढवा. वाफा सहा-आठ इंच उंच होतो आणि वाट आपोआप पाण्याची चारी बनते. तिचा उतार घरापासून दूर ठेवा. मुरूम टाकायचाच तर या वाटेवर टाका. मोठ्या शेतांसाठी हेच तत्त्व हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने १९७० च्या दशकात काळ्या जमिनीकरता वापरले. रुंद वरंबा सरी म्हणतात ती पद्धत हीच.

एक सावधगिरी. वाफा भिंतीला लागून करू नका. पाणी पिऊन काळी माती फुगते, वाळली की आकसते. त्या ओढाताणीने पायाला आणि भिंतीला तडे जातात. शिवाय पाल्याजवळ वाळवी येण्याचीही भीती असते. शक्य तेवढे, निदान तीन फूट तरी अंतर सोडा.

वर्षाचे वेळापत्रक

फेब्रुवारी-मार्च : पाला गोळा करून खताचा ढीग लावा. हिवाळी भाजी निघाल्यावर थोडी ओल असतानाच नवा वाफा एकदा खोल खणा. घरबांधणीचा मलबा, खिळे, काच वेचून काढा. ढेकळे फोडत बसू नका.

एप्रिल-मे : ढेकळे उन्हात तापू द्या. भेगांमध्ये चाळलेले खत सोडा. निसर्गही असेच करतो. वरची माती भेगांत पडते आणि पावसात फुगून खालची वर येते.

जून : पहिल्या पावसात तापलेली ढेकळे आपोआप फुटतात. वाफसा आला की वर दोन इंच खताचा थर देऊन वरच्या पाच-सहा इंचांत मिसळा. दहा बाय चारच्या वाफ्याला साधारण पंधरा ते अठरा घमेली खत लागते. तेवढे नसेल तर अर्धाच वाफा करा, पण नीट करा.

जुलै-ऑगस्ट : रोपांभोवती वाळके गवत, कुटार, पाला तीन बोटे जाड पसरा. यालाच आच्छादन म्हणतात. पावसाचे टपोरे थेंब थेट मातीवर आदळून तिचा पापुद्रा होतो, तो यामुळे टळतो. खोडाभोवती थोडी मोकळी जागा सोडा. रिकाम्या वाफ्यात ताग पेरा आणि पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलावर येताच कापून वाफसा असताना मातीत मिसळा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : आणखी एक इंच खत द्या आणि मेथी, पालक, कोथिंबीर पेरा. आच्छादन असेल तर पाणी कमी लागते आणि भेगाही कमी पडतात.

पहिल्या वर्षी अंबाडी, चवळी, वाल, भेंडी, वांगी अशी दणकट पिके घ्या. कडेला तुरीची चार झाडे लावा. तुरीचे सोटमूळ खोल जाते आणि कुजल्यावर आपल्यामागे पाण्याची वाट ठेवून जाते. गाजर-मुळ्याची घाई करू नका, कठीण मातीत त्यांना फाटे फुटतात. पपई आणि शेवगा उंचवट्यावरच लावा. बुडाशी पाणी साचलेले त्यांना सोसत नाही.

धीर हवा

एका हंगामात माती बदलत नाही. पहिल्या वर्षी पाणी तुंबणे कमी होते. दुसऱ्या वर्षी खुरपे सहज जाते. तिसऱ्या वर्षी मूठभर माती हातात घेतली की ती रवाळ लागते आणि तिच्यात गांडूळ दिसते. आपल्याकडच्या उन्हात सेंद्रिय खत लवकर जिरते, म्हणून खाऊ घालणे थांबवता येत नाही. पोराबाळांना जेवण एकदा घालून भागत नाही, तसेच मातीचे.

घरामागच्या चाळीस चौरस फुटांत सगळ्या घराची भाजी पिकणार नाही, हे खरे. पण लेकराच्या ताटात ताजी मेथी-पालक पडेल, मिरची-कोथिंबिरीसाठी हात पसरावा लागणार नाही, आणि बाजारात भाजी महागली तरी चूल अडणार नाही. एवढे त्या तुकड्याकडून निश्चित मिळते. या रविवारी दोनच कामे करा. वाफा कोणता आणि वाट कोणती हे चार दगड मांडून ठरवा, आणि घरातल्या सगळ्यांना, लहान मुलांनाही, सांगा की आजपासून वाफ्यावर पाय द्यायचा नाही. तिथूनच सुरुवात होते.